विश्वस्त वृत्तीचा अधिकारी : कै. डॉ. चिंतामणराव देशमुख

निजामी अंमलात सोनपेठ, गंगाखेड, परळी या भागातील व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला दोन रुपयांचा हिशेब ठेवावा लागे. एक निजाम सरकारचा हाली रुपया आणि दुसरा इंग्रजी मुलखातला कलदार. सात हाली मोजले की सहा कलदार पदरात पडत, असा साधारण भाव होता. माल घेऊन बार्शीला किंवा सोलापूरला गेलेला माणूस घरी परत येईपर्यंत त्याच्या डोक्यात दोन्ही नाण्यांचे गणित चालू असे. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होतेच. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले, १९५० साली भारतीय चलन आले, पुढल्या वर्षी हाली रुपया काढणे थांबले आणि १९५९ साली तो पूर्णपणे बाद झाला. लोक म्हणाले, बरे झाले, एक कटकट गेली. चलन बदलत होते त्या वर्षांत देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या ते अर्थमंत्री म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. दिल्लीत आणि मुंबईत ते सी. डी. देशमुख म्हणून ओळखले जात. महाराष्ट्राने मात्र त्यांना चिंतामणराव म्हटले.

चिंतामणरावांचे नाव निघाले की मराठी माणसाला एकच प्रसंग आठवतो. मुंबईसाठी त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, हा तो प्रसंग. तो मोठा आहे यात संशय नाही. परंतु त्याआधी ३७ वर्षे हा माणूस सरकारी अधिकारी म्हणून, बँकेचा प्रमुख म्हणून, परदेशात देशाचा प्रतिनिधी म्हणून आणि शेवटी मंत्री म्हणून दुसऱ्यांच्या पैशाचा सांभाळ करीत होता. त्या ३७ वर्षांकडे पाहिल्यावाचून राजीनाम्याचे वजन नीट कळत नाही.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. हे गाव महाड तालुक्यात आहे. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील. आई भागीरथीबाई धर्मपरायण. लहानपण रोह्यास गेले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९१२ साली ते मॅट्रिक झाले ते संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवूनच. संस्कृतात इतकी गती असलेला मुलगा पुढे संस्कृतचा पंडित व्हावयाचा. पण केंब्रिजला जीझस कॉलेजात गेल्यावर त्यांनी निवडले वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली ते तेथील परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही मिळविले. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस.च्या परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला. इंग्रजांच्या राजधानीत, इंग्रज मुलांच्या बरोबरीने बसून कोकणातला एक मुलगा पहिला आला, ही बातमी त्या काळी किती मोठी वाटली असेल याची कल्पना आज करणे अवघड आहे.

मात्र त्या यशाला एक काटाही होता. आय.सी.एस. म्हणजे इंग्रज सरकारची चाकरी. देशात स्वराज्याची चळवळ वाढत होती आणि त्याच सुमारास लोकमान्य टिळक आपल्या खटल्याच्या कामासाठी लंडनमध्ये होते. तरुण चिंतामणराव त्यांना भेटले, नोकरी सोडून चळवळीत यावे काय असे त्यांनी विचारले, आणि उद्या स्वराज्य आले तर राज्य चालविण्याचा अनुभव असलेली माणसे लागतील, तेव्हा नोकरी करावी असा सल्ला लोकमान्यांनी दिला, असे सांगतात. चिंतामणराव तुरुंगात गेले नाहीत, सत्याग्रहात बसले नाहीत. पुढे ते मंत्री झाले तेव्हा काहींनी ही गोष्ट त्यांच्या विरुद्ध बोलून दाखविली. त्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. पण स्वराज्य आल्यावर कारभार हाकावयास खरोखरच माणसे लागली, आणि ती एका रात्रीत तयार होत नाहीत, हेही तितकेच खरे.

त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाडात झाली. साहाय्यक कमिशनर, उपसचिव, डेप्युटी कमिशनर, सेटलमेंट ऑफिसर, महसूल खात्याचे सचिव, अर्थखात्याचे सचिव अशी एकेक पायरी ते चढत गेले. यांतले सेटलमेंटचे काम शेतकऱ्याच्या सर्वांत जवळचे. त्याला आपल्याकडे जमाबंदी म्हणतात. गावोगाव जाऊन जमिनीचा पोत पाहावयाचा, विहीर आहे की कोरडवाहू आहे ते नोंदवावयाचे, कूळ कोण आणि मालक कोण ते ठरवावयाचे आणि मग पुढल्या कित्येक वर्षांचा सारा बांधून द्यावयाचा. चूक झाली तर एका पिढीला ती भोगावी लागते. हे काम केलेला माणूस पुढे कागदावरचे आकडे पाहताना त्यामागचे शेत विसरत नाही. चिंतामणरावांच्या पुढील आयुष्यात याचा प्रत्यय अनेकदा आला.

१९३१ साली लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली. महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोघेही तिला उपस्थित होते. चिंतामणराव त्या परिषदेच्या सचिवांपैकी एक होते. मुत्सद्देगिरीचा जवळून परिचय त्यांना येथे झाला. टेबलाच्या एका बाजूस सत्ता आणि दुसऱ्या बाजूस मागणी असली म्हणजे शब्दाशब्दावर कशी ओढाताण होते, हे त्यांनी सचिवाच्या खुर्चीवरून पाहिले. तो अनुभव तेरा वर्षांनी अमेरिकेत उपयोगी पडणार होता.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. ही बँक १९३५ साली स्थापन झालेली, म्हणजे तशी कोवळीच. आधी संपर्क अधिकारी, मग मध्यवर्ती मंडळाचे सचिव, १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर वारले. त्यांच्या जागी कोण, याचा निर्णय व्हावयास सहा महिने गेले, आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव गव्हर्नर झाले. या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय. वय ४७ वर्षे. पुढल्या वर्षी सरकारने त्यांना सर ही पदवी दिली.

ज्या वेळी ते त्या खुर्चीवर बसले तो काळ फार वाईट होता. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. बंगालमध्ये लोक भुकेने मरत होते. आणि देशाच्या हिशेबात एक विलक्षण गोष्ट चालली होती, ती समजून घेण्यासारखी आहे. इंग्रज सरकार युद्धासाठी हिंदुस्थानातून धान्य, कापड, ताग, चामडे, लोखंड, सारे काही उचलीत होते. त्याचे मोल लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने हिंदुस्थानच्या नावे जमा होई. ते पौंड मात्र युद्ध संपेपर्यंत खर्च करावयास मिळत नसत. इकडे माल विकणाऱ्याला रुपये द्यावयाचे, म्हणून रिझर्व्ह बँक त्या पौंडांच्या तारणावर नोटा काढी. पाच-सहा वर्षांत चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. माल गेला परदेशी, नोटा राहिल्या घरी, आणि भाव गेले आभाळाला. एखाद्या शेतकऱ्याची कणगी उधारीवर रिकामी व्हावी, चोपडीत येणे मात्र भरपूर दिसावे आणि घरात चूल पेटण्याची पंचाईत पडावी, तसा हा प्रकार. युद्ध संपेपर्यंत हे येणे सुमारे १३० कोटी पौंडांवर गेले. ज्या देशाला दोनशे वर्षे ऋणको म्हणून वागविले तो देश इंग्लंडचा धनको झाला होता.

आता गोष्ट अशी की मोठा ऋणको नेहमीच नम्र असतो असे नाही. इंग्लंडात काही वजनदार मंडळी म्हणू लागली की हे कर्ज युद्धासाठी झाले, हिंदुस्थानचे रक्षणही त्यातच झाले, तेव्हा ते काही प्रमाणात सोडून द्यावे. हिंदुस्थानातल्या सर्व पक्षांना आणि व्यापाऱ्यांना ही भीती पडली. अशा वेळी जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स या डोंगरातल्या ठिकाणी ४४ देशांची परिषद भरली. युद्धानंतर जगाचा पैशाचा व्यवहार कसा चालावा हे ठरविण्यासाठी ती होती. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन होते. त्यांच्याबरोबर सर थिओडोर ग्रेगरी, सर चिंतामणराव देशमुख, सर षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे गेले. देश परतंत्र, शिष्टमंडळाचा नेता इंग्रज, आणि मागणी करावयाची ती इंग्लंडकडून येणे असलेल्या रकमेची! अशी अडचणीची जागा क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल.

या परिषदेत हिंदुस्थानच्या प्रतिनिधींनी तीन गोष्टी लावून धरल्या. पहिली, अडकून पडलेल्या पौंडांची काही तरी वाट आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून निघावी. ती मान्य झाली नाही. हा प्रश्न इंग्लंड आणि धनको देशांनी आपसात सोडवावा असे ठरले. दुसरी, नव्या संस्थेच्या उद्दिष्टांत गरीब देशांच्या वाढीचा स्पष्ट उल्लेख असावा. तीही जशीच्या तशी मिळाली नाही, परंतु सर्व सभासदांच्या उत्पादक साधनांचा विकास हे शब्द उद्दिष्टांत आले. तिसरी, हिंदुस्थानचा वाटा आणि त्याबरोबर येणारा मान. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत देशाचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला. चीनचा आणि फ्रान्सचा त्याहून थोडा अधिक. सर्वांत मोठ्या पाच वाटेकऱ्यांना कार्यकारी मंडळावर कायमची जागा होती. हिंदुस्थान सहावा राहिला. पुढे रशिया या संस्थेत आलाच नाही, आणि हिंदुस्थान आपोआप पाचवा झाला. दैवाने दिले असे कोणी म्हणेल. परंतु सहाव्या जागेपर्यंत भांडत पोहोचल्याशिवाय दैवालाही काही देता येत नाही.

लढाईत हरलेले आणि मिळविलेले दोन्ही मांडावे लागते, म्हणून येथे सारे सांगितले. ब्रेटन वुड्सहून शिष्टमंडळ विजयपताका घेऊन आले नाही. पण कर्ज बुडविले जाऊ नये यासाठी प्रश्न जगासमोर मांडला गेला. पुढे १९४७ आणि १९४८ साली इंग्लंडशी करार झाले आणि ती रक्कम हप्त्याहप्त्याने मोकळी होत गेली. नाणेनिधीबरोबर जन्मलेल्या जागतिक बँकेने १९४९ साली भारताला रेल्वेच्या इंजिनांसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर कर्ज दिले आणि त्याच वर्षी कांस गवताने बरबाद झालेल्या जमिनी नांगरून काढण्यासाठी ट्रॅक्टर घेण्यास एक कोटी डॉलर दिले. कांस उपटून ज्याचे हात सोलले आहेत त्याला या दुसऱ्या कर्जाची किंमत सांगावयास नको. १९५० साली पॅरिसला या दोन्ही संस्थांची वार्षिक सभा भरली तेव्हा अध्यक्षस्थानी चिंतामणराव होते.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली. मालमत्तेच्या वाटण्या झाल्या, पण पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक उभी राहीपर्यंत रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांची बँक राहावी असे ठरले होते. वाटण्या झालेल्या, एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन भावांचा एकच मुनीम असावा, तशी चिंतामणरावांची गत झाली. काश्मिरात लढाई पेटली. पाकिस्तानच्या वाट्याचे ५५ कोटी रुपये भारत सरकारने रोखून धरले आणि गांधीजींच्या उपोषणानंतर जानेवारी १९४८ मध्ये ते देण्याचे ठरले. इकडून संशय, तिकडून आरोप. अखेर ३० जून १९४८ रोजी ही व्यवस्था संपली आणि दुसऱ्या दिवसापासून पाकिस्तानची स्वतंत्र बँक सुरू झाली. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक भागधारकांच्या हातून सरकारच्या मालकीची झाली. त्या वर्षी जूनअखेर चिंतामणरावांनी गव्हर्नरपद सोडले.

त्यांना विश्रांती मिळाली नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्यांची अमेरिका व युरोप यांसाठी खास आर्थिक राजदूत म्हणून नेमणूक केली. देशात धान्याची टंचाई होती. अमेरिकेकडून गहू मिळावा यासाठी त्यांनी प्राथमिक बोलणी केली. याचक म्हणून जावयाचे आणि देशाचा ताठ कणा मोडू द्यावयाचा नाही, हे काम नाजूक. त्या बोलण्यांना लगेच फळ आले नाही. १९५१ च्या जूनमध्ये १९ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला आणि सुमारे २० लाख टन धान्याची वाट मोकळी झाली. तोवर चिंतामणराव स्वतःच अर्थमंत्री झाले होते. १९५० साली नियोजन मंडळ स्थापन झाले तेव्हा ते त्याचे एक सभासद होते आणि जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर त्याच वर्षी अर्थखाते त्यांच्याकडे आले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने, म्हणजे त्यांच्या जन्मभूमीनेच, त्यांना लोकसभेत पाठविले.

घरच्या आयुष्यात मात्र चढउतार होते. त्यांची पहिली पत्नी रोझिना ही इंग्रज होती. ती १९४९ साली वारली. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. दुर्गाबाई आंध्रच्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेल्या, घटना समितीच्या सभासद आणि समाजसेविका. विवाह नोंदणी पद्धतीने झाला आणि साक्षीदारांत पंडित नेहरू होते. एकाने इंग्रजांची नोकरी केलेली, दुसरीने इंग्रजांचा तुरुंग पाहिलेला, आणि दोघेही आता एकाच देशाच्या कामाला लागलेले.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कामाची यादी मोठी आहे. त्यांतली दोन कामे खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली, तेवढी सांगणे पुरे.

रिझर्व्ह बँकेने १९५१ साली देशभर खेड्यांतल्या कर्जाची पाहणी सुरू केली. गोरवाला समिती तिच्यावर होती, धनंजयराव गाडगीळ तिचे एक सभासद. १९५४ साली अहवाल आला आणि शेतकऱ्याला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते ते आकड्यांत दिसले. शेतकरी जे कर्ज काढी त्यातले शेकडा सुमारे ७० सावकाराकडून येई. सहकारी संस्थांकडून शेकडा तीन. व्यापारी बँकांकडून शेकडा एकसुद्धा नाही. बँक शहरातल्या साहेबाची, शेतकऱ्याची नव्हे, हाच त्याचा अर्थ. समितीच्या शिफारशीप्रमाणे इम्पीरियल बँक सरकारने ताब्यात घेतली आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया सुरू झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडाव्यात, त्याही जेथे बँक पोहोचली नाही अशा ठिकाणी, ही अट कायद्यानेच तिच्यावर घातली. निजामाच्या काळात १९४१ साली निघालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे याच कुटुंबात आली. स्टेट बँक ऑफ हैदराबाद या नावाने मराठवाड्याने तिच्याशी दोन पिढ्या व्यवहार केला आणि २०१७ साली ती स्टेट बँकेत विलीन झाली. सावकारी यामुळे संपली असे मात्र कोणी म्हणू नये. ती संपली नाही. पण तारण न बुडता कर्ज मिळण्याचे दुसरे एक दार उघडले.

दुसरे काम विम्याचे. तेव्हा आयुर्विमा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. त्यांत चांगल्या कंपन्या होत्या, तशा गरीब विधवेच्या हप्त्यांवर सट्टा खेळणाऱ्याही होत्या. कित्येक बुडाल्या होत्या. हा पैसा विश्वासाचा आहे आणि त्याला विश्वस्तच पाहिजे, असे चिंतामणरावांचे मत झाले. गुपित इतके कडक राखले गेले की बाजाराला सुगावा लागला नाही. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला, चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून देशाला तो जाहीर केला, आणि २४५ विमा कंपन्या व संस्थांचा कारभार सरकारकडे आला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले.

या तारखेकडे नीट पाहिले पाहिजे. १९ जानेवारीच्या तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, पंतप्रधानांनी आकाशवाणीवरूनच जाहीर केले होते की मुंबई शहर महाराष्ट्राला मिळणार नाही, ते केंद्राच्या ताब्यात राहील.

मराठवाड्याचाही या प्रश्नाशी जवळचा संबंध होता. हैदराबाद संस्थान तोडून मराठी भाग मराठी राज्यात यावा ही मागणी स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरली होती. सप्टेंबर १९५३ मध्ये नागपूर करार झाला, त्यात मराठवाड्याच्या पुढाऱ्यांच्या सह्या आहेत. मुंबईवाचून महाराष्ट्र म्हणजे पाण्यावाचून विहीर, ही भावना परभणीतही होती आणि पुण्यातही. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईत गोळीबार झाला, माणसे पडली. १६ जानेवारीच्या घोषणेनंतर शहर पेटले आणि पुन्हा पोलिसांच्या बंदुका चालल्या. संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली.

त्या आठवड्यात चिंतामणराव कोणत्या मनःस्थितीत असतील? एकीकडे विम्याचे इतके मोठे काम तडीस न्यावयाचे, क्षणभरही चित्त ढळू द्यावयाचे नाही, आणि दुसरीकडे ज्यांनी मते देऊन दिल्लीला पाठविले ती आपली माणसे मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या खात आहेत. त्यांनी त्याच महिन्यात नेहरूंना राजीनाम्याचा निर्णय कळविला. अर्थसंकल्प तोंडावर आला होता. नेहरूंच्या आग्रहावरून ते थांबले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस १९५६-५७ चा अर्थसंकल्प त्यांनीच मांडला. जुलैमध्ये राजीनामा स्वीकारला गेला आणि २५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत निवेदन केले.

ते निवेदन भावनेचे नव्हते. अधिकाऱ्याची टिपणी असावी तसे मुद्देसूद होते. मुंबईचा इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला, हा एक आक्षेप. मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा दुसरा. आणि महाराष्ट्राच्या लोकांविषयी दिल्लीत जो आकस दिसला तो त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितला. नेहरूंना हे फार लागले आणि कार्यपद्धतीचा आरोप त्यांनी सभागृहात नाकारला. कोणाचे किती बरोबर यावर तेव्हाही मतभेद होते. जानेवारीतच बाहेर का पडले नाहीत असा सवालही महाराष्ट्रात काहींनी केला. त्याचे उत्तर त्यांच्या आधीच्या आयुष्यात आहे. वर्षअखेरीस चोपडी अर्धवट टाकून उठणारा हा माणूस नव्हता. हिशेब पुरा करून, किल्ल्या सुपूर्द करून, मगच तो उठला.

त्या राजीनाम्याने मुंबई लगेच मिळाली नाही. ऑगस्टमध्ये द्विभाषिक राज्याचा तोडगा निघाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र, गुजरात असे सारे एकाच मुंबई राज्यात आले, आणि मुंबईसह महाराष्ट्र व्हावयास १ मे १९६० उजाडावे लागले. पण दिल्लीत मराठी माणसाचे गाऱ्हाणे केवळ रस्त्यावरच्या जमावाचे नाही, देशाच्या अर्थमंत्र्याचेही आहे, हे त्या दिवशी सर्वांना कळले. १९५७ च्या निवडणुकीत समितीची लाट होती. त्या लाटेवर बसून पुन्हा लोकसभेत जाणे त्यांना कठीण नव्हते. ते गेले नाहीत.

ते गेले शिक्षणाकडे. विद्यापीठ अनुदान मंडळाचे ते १९५६ पासून १९६१ पर्यंत अध्यक्ष होते. औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले ते याच काळात. पूर्वी आपल्या मुलांना पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे, ते आता घराजवळ आले. १९५९ साली सरकारी सेवेबद्दल त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. नोकरी करून पोस्टाने शिकण्याची सोय त्या विद्यापीठाने १९६२ सालीच सुरू केली. दिल्लीतल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या स्थापनेत त्यांचा मोठा हात होता, आणि कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते १९४५ पासून बरीच वर्षे अध्यक्ष होते.

१९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना उभे केले. व्ही. व्ही. गिरी निवडून आले, नीलम संजीव रेड्डी दुसरे आणि चिंतामणराव तिसरे. खरे म्हणजे त्या वर्षी ती लढाई काँग्रेसच्या दोन गटांत होती, आणि तिसऱ्या माणसाला तेथे वावच नव्हता. त्यांनी त्या फंदात पडावयास नको होते असे त्यांच्या चाहत्यांपैकीही पुष्कळांना वाटले.

संस्कृतची गोडी मात्र त्यांनी मॅट्रिकपासून अखेरपर्यंत सोडली नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला. गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली, स्वतःही संस्कृतात काव्य केले. बागेचा त्यांना नाद होता. केंब्रिजला शिकलेले वनस्पतिशास्त्र नोकरीत कामास आले नाही, ते बागेत आले, असे गमतीने म्हणता येईल. आपले आत्मचरित्र त्यांनी इंग्रजीत लिहिले, ते १९७४ साली निघाले. पुढल्या वर्षी सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

उतारवयात ते आणि दुर्गाबाई हैदराबादेस राहिले. त्या शहरातल्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. हे कॉलेज बेला व्हिस्टा या वाड्यात भरते, आणि तो वाडा पूर्वी निजामाच्या थोरल्या राजपुत्राचा होता. जेथे राजपुत्र राहत होता तेथे सरकारी आणि खाजगी अधिकारी कारभार शिकू लागले. दुर्गाबाई आंध्र महिला सभेच्या कामात अखेरपर्यंत गुंतलेल्या होत्या. त्या १९८१ साली गेल्या. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी चिंतामणराव हैदराबाद येथे वारले.